उरलेले दोन पुकारे

ओम, त्या छाटलेल्या काड्या टाक शेकोटीत आणि मोबाइल खिशात घाल. प्रतिभा, तू इकडे सरक, धूर सगळा तुझ्या डोळ्यांत चाललाय. द्राक्षं उतरेपर्यंत बागेची राखण करायची तर जागं राहायला हवं, आणि जागं राहायचं तर कुणीतरी बोलत राहायला हवं. मी बोलतो.

नाशिकला आमच्या गल्लीत रंगनाथ राहतो, तुम्ही त्याला पाहिलंय. हर्षालीचा बाप. कोर्टात शिपाई आहे. हे त्याच्या बाबतीत घडलेलं आहे आणि अर्धं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

चौदा जानेवारी दोन हजार तेवीस. भोगीचा दिवस. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणून कोर्टाला सुट्टी. रात्रीची जेवणं आटोपली होती. रंगनाथ दारात येऊन उभा राहिला.

"भारत, स्कूटर काढतोस का? कोर्टात एक दिवा चालू राहिलाय. वॉचमनचा फोन आला. किल्ली माझ्याकडे आहे. बंद करून लगेच येऊ."

एवढंच काम. मी मफलर गुंडाळला आणि निघालो.

"काका, भूत कधी येणार?"

भुताला तारीख मिळाली की येईल, ओम. आधी रंगनाथचं काम काय होतं ते ऐक, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कोर्टात एखाद्या प्रकरणाचा नंबर लागला की आतून कारकून सांगतो, "पुकारा द्या." मग शिपाई दारात येतो आणि व्हरांड्याकडे तोंड करून त्या माणसाचं नाव मोठ्यानं पुकारतो. एकदा नाही, तीनदा. माणूस चहाला गेला असेल, झाडाखाली बसला असेल, म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू येत असेल, म्हणून तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी आलं नाही, तर शिपाई आत जाऊन सांगतो की पुकारे झाले, कुणी नाही. पुढचं कामकाज त्या शब्दावर चालतं. रंगनाथचा आवाज खणखणीत. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर नाव ऐकू जायचं.

आणि गोष्टी सांगण्यात त्याचा हात धरणारा आमच्या गल्लीत कुणी नव्हता. संध्याकाळी ओट्यावर बसला की दिवसभरात कोर्टात काय घडलं ते सांगायचा. हर्षाली तेव्हा दहा-अकरा वर्षांची. ती आणि गल्लीतली सगळी पोरं त्याच्याभोवती. एका साक्षीदाराला शपथ घ्यायला लावली, खरं सांगेन, सगळं खरं सांगेन, तर तो म्हणाला, "साहेब, खरं सांगतो, पण सगळं कशाला?" चोरीचा कोंबडा मुद्देमाल म्हणून कोर्टात आणला होता, तर आरोपीचा वकील बोलायला उभा राहिला की तो आरवायचा आणि वकील बसला की गप्प. काडीमोडासाठी आलेलं एक जोडपं मधल्या सुट्टीत एका बशीत मिसळ खात होतं, आणि नवरा म्हणत होता, "कट कमी घे, तुला पित्त होतं." आम्ही पोट धरून हसायचो.

त्यातच एक गोष्ट होती पेठ तालुक्याकडच्या म्हातारीची. सरुबाई तिचं नाव. मुलगी वारली होती, आणि मुलीची पोर, पाच वर्षांची सुली, तिनंच सांभाळली होती. जावयाला ती पोर हवी होती. म्हातारी म्हणायची, हा माणूस पोरीला उपाशी ठेवील, मी देणार नाय. तिनं अर्ज केला होता, आणि निकाल लागेपर्यंत पोर तिच्याकडे राहील असा हुकूम होता. तिच्या नावाचा पुकारा झाला की ही लांबूनच ओरडायची, "मी अठंच हाय रं दादा!" आणि पोरीला कडेवर घेऊन धावत यायची. वकीलसुद्धा हसायचे. हर्षाली तिची नक्कल करायची. आम्ही हसायचो.

त्या भोगीच्या सव्वा वर्ष आधी, दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. कोर्टात ही गर्दी. सरुबाई रंगनाथकडे आली.

"दादा, ह्या कानानं आता कायच ऐकू येत नाय. पोरीला तान लागली. नळावर पाणी पाजून येते. माझा पुकारा झाला तं जरा मोठ्यानं दे हां."

"जा आजी," रंगनाथ म्हणाला. "मी आहे ना."

ती मागच्या नळाकडे गेली. रंगनाथभोवती दोन-तीन वकिलांचे कारकून जमले होते आणि त्याची कोंबड्याची गोष्ट रंगात आली होती. आतून आवाज आला, "सरुबाई नवसू गावित. पुकारा द्या." त्यानं मान वळवून एकदा नाव घेतलं. हसता हसता. तोंड त्या कारकुनांकडेच होतं. आणि गोष्ट पुढे चालू केली. कोंबडा आरवायचा राहिला होता ना.

आतून विचारलं, "पुकारा झाला?"

"तीन झाले साहेब. कुणी नाही."

अर्जदार गैरहजर, म्हणून अर्ज काढून टाकला. अर्ज गेला तसा पोरीबद्दलचा हुकूमही गेला. म्हातारी ओल्या हातांनी व्हरांड्यात आली, तर जावई समोर उभा. त्यानं पोरीचा दंड धरला. पोरीनं आजीच्या लुगड्याचा पदर धरला होता. तो तिच्या मुठीतून एकेक बोट उलगडून सोडवावा लागला. रंगनाथ चार हातांवर उभा होता. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, साहेब, पुकारा एकच झालाय. साहेब अजून खुर्चीतच होते. तो आत गेला नाही.

"म्हणजे सगळं रंगनाथकाकांमुळेच..."

हो, प्रतिभा. आणि संध्याकाळी ओट्यावर त्यानं तीही गोष्ट सांगितली. आज आजीचा पुकारा कसा हुकला, ती पाणी पाजत बसली आणि इकडे प्रकरण संपलं. सवयीनं सांगितली असेल, किंवा हसण्यावारी नेली की हलकं वाटेल म्हणून. पोरं हसली. आम्हीही हसलो. हर्षाली तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, "बाबा, मग ती मुलगी आज कुठे झोपणार?"

रंगनाथ उठून आत गेला. त्यानंतर त्यानं ओट्यावर एकही गोष्ट सांगितली नाही.

वकिलानं अर्ज पुन्हा लावून घ्यायची खटपट केली. पण जावई पोरीला घेऊन गुजरातेत गेला होता. नोटीस पाठवली की परत यायची. सरुबाई मात्र दर तारखेला यायची आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. रंगनाथ समोरून गेला की हात जोडायची. तिला काहीच ठाऊक नव्हतं. "दादा, चूक माझीच. मीच कान देऊन बसले नाय," म्हणायची. तो मान खाली घालून निघून जायचा. पुढे श्रावणात तिच्या वकिलानं सांगितलं, म्हातारी गेली.

हे त्यानं मला सांगितलं ते त्या भोगीच्या रात्री. तोवर मलाही एवढंच माहीत होतं की रंगनाथ अलीकडे फार बोलत नाही.

तर आम्ही कोर्टाशी पोहोचलो. कुठलं कोर्ट ते विचारू नका. रस्त्यात पतंगांच्या दुकानांवर अजून गर्दी होती, पण आत शिरलं की सामसूम. फाटकाशी बहिरू, वॉचमन, खुर्चीत घोंगडी पांघरून बसलेला.

"मघाधरनं जळतोय बगा तो," तो म्हणाला. "सुट्टीचं कोणी आलंच नाय, तं लावला कोणी?"

"शुक्रवारी माझ्याच हातून राहिला असेल," रंगनाथ म्हणाला. "भारत, तू थांब. आलोच."

तो गेला. आम्हाला फाटकातून व्हरांडा दिसत होता, आणि टोकाला उजेडाची एक खिडकी. थोड्या वेळानं ती खिडकी विझली. कुलूप लावल्याचा आवाज आला. त्यानं ते दोनदा ओढून पाहिलं, तेही ऐकू आलं.

मग तो परत यायला हवा होता.

आला नाही.

आत काय झालं ते त्यानं नंतर सांगितलं. कुलूप ओढून तो वळला. पाठीमागे, बंद खोलीत, खुर्ची सरकल्यासारखी वाटली. आणि आतून आवाज आला. मोठा नाही. रागाचा नाही. रोज कामाच्या वेळी येतो तसा, कोरडा.

"पुकारा द्या."

किल्ली त्याच्या हातात होती. खोली अंधारी. आत कुणी असणं शक्य नव्हतं, त्यानं नुकतीच पाहिली होती.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नळ सुरू झाला. धार पडत होती... थांबत होती... पडत होती. कुणीतरी ओंजळीनं कुणाला तरी पाणी पाजावं तशी.

"पुकारा झाला?"

त्याच्या तोंडात शब्द तयार होते. तीन झाले साहेब. इतक्या वर्षांची सवय. ओठ उघडलेसुद्धा.

नळ वाहत होता.

"पुकारे किती झाले?"

रंगनाथ सांगतो, त्या वेळी भीती वाटली नाही. लाज वाटली.

"एक," तो म्हणाला. "एकच झाला साहेब. मी खोटं बोललो."

नळ बंद झाला.

आतून काही नाही. बाहेरून काही नाही. सगळीकडे... वाट पाहिल्यासारखं.

त्याला कळलं. दोन उरले होते.

इथून पुढचं मी ऐकलंय. मी आणि बहिरूनं. व्हरांड्यातून रंगनाथचा आवाज आला. तोच खणखणीत आवाज, पण फाटलेला.

"सरुबाई नवसू गावित!"

बहिरू खुर्चीतून उठला. "हे कोणाला बोलावत्यात?"

बराच वेळ गेला. रस्त्यावरून एक एसटी गेली. मग पुन्हा.

"सरुबाई... नवसू... गावित!"

नाव भिंतींवर आपटून परत आलं. मग शांत.

आम्हाला पुढचं काही ऐकू आलं नाही. रंगनाथला आलं. नळाच्या बाजूनं. म्हातारीचा आवाज नव्हता तो. लहान पोरीचा होता.

"आजी येते. हात पुसते."

तो पळाला नाही. भिंतीला धरत धरत, एकेक पाऊल टाकत फाटकाशी आला आणि बहिरूच्या खुर्चीत बसला. थंडीत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तिथंच बसून त्यानं आम्हाला सगळं सांगितलं. कोंबड्यापासून.

सोमवारी तो साहेबांसमोर उभा राहिला आणि त्यांनाही सगळं सांगितलं. चौकशी झाली, ठपका आला. त्यानं स्वतःच पुकाऱ्याचं काम सोडलं, आता तो रेकॉर्डच्या खोलीत असतो. साहेबांनी जावयाच्या पत्त्यावर पोलीस पाठवायला लावले. जावयाची तिथली खोली पावसाळ्यापासून रिकामी होती. शेजारी म्हणाले, पोरीला ताप होता, एका रात्री बाप तिला खांद्यावर टाकून निघाला. कुठे गेला... ते कुणालाच माहीत नाही. रंगनाथ दोनदा रजा टाकून तिकडे जाऊन आला. अजून विचारतोय.

काय गं, प्रतिभा?

"तुम्ही त्या रात्री आत जाऊन पाहिलंत का, काका?"

पाहिलं.

बहिरूनं बॅटरी घेतली. तो पुढे, मी मागे. रंगनाथ आला नाही. नळापाशी गेलो. तोटी घट्ट बंद. खालची फरशी कोरडी. धूळ होती तिच्यावर. मग बॅटरी बाकाकडे वळली.

बाकावर एक धुतलेलं फडकं पसरलेलं होतं. त्याच्यावर भाकरी.

भोगीला इकडे घरोघर बाजरीची करतात. ही काळपट, तांबूस, नाचणीसारखी होती. बहिरू वाकला.

"नागलीची हाय," तो हळूच म्हणाला. "आमच्या पेठकडली."

त्यानं बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग मी लावलं.

गरम होती. चुलीवरून आत्ता उतरवल्यासारखी.

एका कडेला घास तोडलेला होता. हातानं नाही. दातांनी.

बारीक दात. ओळीनं उमटलेले... आणि पुढच्या एका दाताची जागा रिकामी. पोरांचा पहिला दात पडतो ना, तिथली.