बाजूने काढलेला फोटो

नीलकंठकाका कुठेही गेले तरी चहा समोरच्याचा आणि मत स्वतःचं, असा त्यांचा जन्माचा हिशेब. त्या सकाळी आमच्या पोलीस थान्यात आल्या आल्या त्यांनी कुल्हडभर चहा मागवला आणि मला म्हणाले, "ईशानी, पोरीला फार छेडू नकोस. रेकॉर्डवरचाच कुणी असणार."

पोरगी म्हणजे बकुळ. अकोल्याहून शिकायला आलेली, मंगला गौरीच्या देवळाजवळ काकांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायची. आदल्या संध्याकाळी वीज गेली असताना गल्लीतल्या जिन्यात तिच्यावर अत्याचार झाला होता. माणसाने तोंडाला गमछा बांधलेला. झटापटीत मोबाइलचा उजेड पडला तेव्हा एका बाजूने कान आणि गालाचं हाड दिसलं, तेवढंच.

रामघाटच्या मराठी घरांत काकांशिवाय मुंज लागत नाही आणि भांडण मिटत नाही. परक्या मुलीसोबत ते स्वतः थान्यात आले, याचं मला कौतुकच वाटलं.

आमच्याकडे असा गुन्हा नोंदला की आधी इलाक्यातले जुने अपराधी काढतात. सापडतो तोही मग बहुधा त्यांच्यातलाच. ज्याचं रेकॉर्ड नाही, तो माणूस आमच्या लेखी जन्मलेलाच नसतो. या वेळी इन्स्पेक्टरसाहेबांनी दिनानाथला सकाळीच उचलून आत बसवलं होतं. अशाच गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेला, हल्ली घाटावर होड्यांना रंग देणारा. त्याची दया यावी असं त्याच्या रेकॉर्डमध्ये काही नव्हतं. बकुळने त्याच्या फोटोवर बोट ठेवलं की तो दुपारी कोर्टात आणि फाइल कपाटात.

मी तिला संगणकासमोर बसवलं. उजवीकडे काका. प्रत्येक अपराध्याचे फोटो समोरून आणि बाजूने काढलेले असतात. बाजूच्या फोटोत एकच कान, एकच डोळा.

तिसऱ्या फोटोत मला दोन्ही डोळे दिसले.

फोटो काढणारा आळशी, असं म्हणून मी पुढे गेले. पुढच्यातही दोन डोळे. त्याच्या पुढच्यातही. दिनानाथचा चेहरा आला, तोही तसाच, मान अर्धी वळवून पडद्याच्या उजव्या कडेकडे बघणारा. परवा हेच फोटो मी दुसऱ्या एका कामासाठी पाहिले होते. तेव्हा प्रत्येकात एकच डोळा होता.

"हाच ना?" काका म्हणाले. "बोट ठेव बेटा, मामला खतम."

बकुळने दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले.

काकांना फोन आला म्हणून ते उठून डावीकडच्या खिडकीशी गेले. खिडकीखाली गंगा, नावाड्यांची हाकाटी, ओल्या लाकडाचा वास. ते कुणाला तरी लग्नाचा मुहूर्त सांगत होते. मी पडद्याकडे पाहिलं.

सगळे चेहरे आता डावीकडे होते.

मी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. बिघाडाला एक कारण असतं, आणि ते बहुधा वायरमध्ये असतं. वायर ठीक होती. काका बोलता बोलता दाराकडे गेले, तसे चेहरेही तिकडे वळले.

"बकुळ," मी हळूच विचारलं, "हे कुठे बघतायत?"

तिने खुर्ची माझ्या बाजूला ओढली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ताई, मला त्या घरी परत जायचं नाही."

मी दिनानाथचा कोर्टाचा कागद बाजूला सारला. महिला शिपायाला बोलावून बकुळला मागच्या दाराने घाटावर न्यायला सांगितलं. तिथून नावेने रामघाटाला, माझ्या आईकडे.

फोन संपवून काका दारातून आत आले. बकुळला तपासणीला पाठवलंय आणि घटना ज्या घराजवळ घडली तिथल्या घरमालकाचाही फोटो लागतो, असं मी त्यांना बिनदिक्कत सांगितलं. ते हसले.

"माझा? अगं, मी मंगलाष्टकं म्हणणारा माणूस."

"कायदा आहे, काका."

त्यांनी खिशातून कंगवा काढून केस बसवले, उपरणं नीट केलं. दाराकडे तोंड करून उभं राहा आणि हलू नका, असं मी म्हटलं. ते हलले नाहीत. मी फोटो काढून पडद्यावर घेतला, इतरांच्या ओळीत.

सगळे चेहरे पुन्हा पूर्वीसारखे बाजूने दिसत होते. दिनानाथचाही. एकच कान, एकच डोळा.

काकांच्या फोटोत मात्र दोन्ही डोळे होते.

"झालं का गं?" ते अजून दाराकडेच बघत उभे होते.

"थांबा जरा," मी म्हणाले.

खिडकीतून नाव दिसत होती. बकुळ शिपायाला चिकटून बसली होती. नावाड्याने वल्हं मारलं आणि नाव प्रवाहाविरुद्ध निघाली. पडद्यावर काकांची मान, नाव जाईल तशी, हळूहळू तिच्या मागे वळत होती.