हसण्यामागची उचकी

तंबाखू आणायला तातेराव आपल्याच गावच्या, हसनाबादच्या बाजारात गेला आणि तंबूतल्या सिनेमाची पाटी बघून तिथंच थांबला. सिनेमातली मोठी नटी इंदुप्रभा, तिचा जीवनपट लागला होता. इंदुप्रभा वारून काही वर्षं झाली होती. पडद्यावर तिचं काम कुणी नवीच पोरगी करत होती.

"सोंग," तातेराव म्हणाला आणि थुंकला.

त्याचा तेवढा हक्क होता. पूर्वी जालन्यात एका थिएटरच्या उद्‌घाटनाला खुद्द इंदुप्रभा आली होती. तातेराव कापूस विकायला गेला होता. गर्दीतून रेटत तो पार तिच्या मोटारीपाशी, तिच्या पावडरीचा गोड वास येईल इतका जवळ पोचला. मान उंच करून बघताना त्याचा फेटा सुटला आणि थेट तिच्या पायांवर पडला. तिनं फेट्याचं टोक उचललं, हातात धरलं. "पाहुणे, फेटा सुटला की!" म्हणाली आणि हसली. हसता हसता शेवटी तिला लहान लेकरासारखी एक उचकी लागली.

ती उचकी तिच्या एकाही सिनेमात नव्हती. म्हणून गावात कुणाचा विश्वास बसला नाही. तातेराव पारावर आला की कुणीतरी खोटी उचकी द्यायचं आणि सगळे हसायचे. बायको गिरिजाबाईही सोडत नसे. "एवढी मोठी बाई ह्यांच्याकडं बघून हसली म्हणं. मला तर लग्नापासून हसू आलं न्हाई." जन्मात खोटं न बोललेल्या माणसाला हे लागत होतं. वर्षानुवर्षं लागत होतं.

संध्याकाळी तो अगदी पडद्याजवळ बसला. एक पायताण हातात. तंबूचा मालक रखमाजी घाईनं आला.

"तात्या, ते खाली ठेवा. पडदा फाटला तर मी उपाशी मरतो."

"सोंग बराबर निघालं तर ठेवतो."

दिवे मालवले. पडद्यावर पोरगी आली. हनुवटी रुंद, डोळे बारके. तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या.

"ही कुठली इंदुप्रभा? ही तर आपल्या श्रीपतीची मेहुणी!"

कनातीपलीकडून बायका ओरडल्या, "नेसायला तरी शिकवायचं व्हतं तिला!"

तातेरावानं दोनदा पायताण उचललं. दोनदा रखमाजीनं हात जोडले.

मध्यंतरात पडद्यामागं काहीतरी धडपडलं. मोकाट बैल शिरला होता म्हणे. पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा आधी आवाजच आला नाही. लोक बोंब ठोकणार, तेवढ्यात आला. पण निराळा आला. भरदार, आणि फार जवळून. विड्यांच्या धुरात, घामाच्या वासात, तोंडाला लावायच्या पावडरीचा गोड वास मिसळला. शिट्ट्या थांबल्या. पोरगी बोलत होती आणि तिची हनुवटी आता कुणालाच दिसत नव्हती.

मग ती हसली. खळखळून, लांब. शेवटी एक उचकी.

 कनातीवरून गिरिजाबाईचं डोकं वर आलं.

"अहो! उचकी! ऐकली का मंडळी? उचकी हाये तिला!"

तंबू उसळला. टोप्या उडाल्या, चिल्लर पडद्यावर आपटू लागली. आजवर सगळ्यांत जास्त उचक्या श्रीपतीनं दिल्या होत्या. त्यानंच तातेरावाला खांद्यावर घेतलं. "तात्या खरं सांगत व्हता रे!" तातेराव "खाली ठेव, गाढवा" म्हणत होता आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. पायताण कुठं पडलं, त्याला कळलंही नाही.

खेळ सुटल्यावर मशीनवाला पुंजाराम आला. त्याच्या हातात मातीनं भरलेली तुटकी तार होती.

"मालक... बैलानं भोंग्याची तार तोडली. मध्यंतरापासनं भोंगा बंद हाये."

"येडा झाला का? सगळ्या गावानं ऐकलं."

"मीबी ऐकून राह्यलो व्हतो... म्हणून तर जोडायला गेलो न्हाई."

दुसऱ्या दिवशी तार जोडली. बातमी पसरली होती; आजूबाजूच्या गावांहून बैलगाड्या आल्या. तंबू फुटायचा बाकी होता. पोरगी हसली. बारीक, स्वच्छ हसली. उचकी नव्हती.

"कालचं लावा!"

"उचकी कापली! पैसे वापस!"

"रीळ तेच हाये हो, बिलकुल तेच!" रखमाजी रडकुंडीला आला.

तातेराव उठला. फेटा घट्ट आवळला आणि एकटा पडद्यामागं गेला. तिथं अंधार होता. भोंगा होता. आणि पावडरीचा वास होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "गावानं ऐकलं... उपकार झाले."

भोंग्यातून ती पोरगी बोलत राहिली. वारा नव्हता, पडदा हलत नव्हता. फेट्याचा एक पेच सैल झाला. मग दुसरा. कापड पाठीवरून सावकाश सरकू लागलं. तातेरावाला हसू फुटलं. गिरिजाबाईनं कधी पाहिलं नसेल असं हसू. मान वळवायचं धाडस मात्र त्याला झालं नाही.

फेटा सगळा सुटला. त्याचं टोक जमिनीला लागलं नाही. मागं ते कुणीतरी हातात धरलं होतं.