कंदिलात काढलेली भिंत

सरकून बसा. लाईट आता काय लवकर येत न्हाई. आसाराम, हसायचं आसंल तर आत्ताच हसून घे लेका, मधी दात काढलेस तर मी उठून घरी जाईन. मी काय भुताखेताला भिणारा माणूस न्हाई. पण ही गोष्ट माझ्या साडूची हाय, आश्रुबाची. खोटं बोलायचं म्हणलं की त्याची डावी पापणी उडती. ही गोष्ट सांगताना उडली न्हाई. मी तिच्याकडंच बघत होतो.

शहाऐंशी सालचा वैशाख. आश्रुबाच्या लेकीचं, कोकिळाचं लगीन चार दिवसांवर आलेलं. त्या दिवशी नामांतरासाठी देवगाव फाट्यावर रस्ता अडवलेला, एस्टी बंद, म्हणून आश्रुबा सांजच्याला सायकल घेऊन निघाला. काम साधं होतं. शेजारच्या गावातनं बायनाबाईला आणायचं, लग्नाची भिंत काढायला.

तुमाला लग्नाची भिंत म्हणलं की पेंटर आठवतो. डबा, ब्रश, 'शुभ विवाह', झालं काम. आरं, बायनाबाईची भिंत बघितली आसती तर! तिला कुणी शिकिवलं न्हाई. नवऱ्यासंगं उसतोडीला जायची, तिथं ऱ्हायच्या कोपीच्या कुडावर चुलीच्या काजळीनं काढत बसायची. पांढरी माती, गेरू, नीळ अन् बाभळीची चावलेली काडी, एवढंच सामान. तिच्या घोड्याचे गुडघे माणसावाणी पुढं वळायचे, तरी घोडा पळायचा. वरातीत नवरदेव सगळेच काढतात. हिच्या वरातीत एखादी पोरगी खाली बसून चपलेचा अंगठा नीट करायलेली आसायची. बघणारा आधी हसायचा, अन् मग तिथंच उभा ऱ्हायचा. आजूबाजूच्या पाच गावांत लगीन निघालं की पहिला सांगावा बायनाबाईला जायचा.

मग तिचा नवरा गेला, अन् सांगावा बंद झाला. कपाळ पांढरं झालेल्या बाईचा हात लग्नाच्या भिंतीला कसा लावायचा? हात तोच, माती तीच. पण आपली माणसं! मला आजबी त्याची चीड येती. लेकरूबाळ न्हाई, गावाबाहेर खोपटात एकटी ऱ्हायची. नऊ वर्षं तिला कुणी भिंत दिली न्हाई.

कोकिळा मात्र आडून बसली. "बायनाआत्याच्या हातची भिंत पायजे, न्हाईतर पेंटर बी नको." लाडाची लेक, काय करता? आश्रुबानं मधला रस्ता काढला. अंधारात आणायची, उजाडायच्या आत वाटंला लावायची. भाऊबंदांना पत्ता लागायला नको.

बायनाबाई आली. ओसरीवर बसून आश्रुबाच्या बायकोनं, सारजाबाईनं, रात्रभर कंदील धरला. बाई काढत होती. नऊ वर्षांचं साठलेलं. दाराच्या दोन्ही बाजूंनी वरात, वाजंत्री, राघू, अन् पार वर, आढ्याखाली, एक मोर. खाटंवर पाटी पालथी घालून तिच्यावर चढली म्हणे त्यासाठी. पहिला कोंबडा आरवला तवा काडी धुऊन ती खाली बसली. सारजाबाईनं लुगडं पुढं केलं.

"मला काई नको दादा," ती आश्रुबाला म्हणली. "जरा उजाडू द्या. कंदिलात निळं काळं दिसतं. मी काय काढलं ते मलाच दिसंना. एकदा उजेडात बघते अन् जाते."

आश्रुबाची पाचावर धारण बसली. तांब्या घेऊन माणसं रस्त्याला लागायचा टाईम. तो म्हणला, "आत्ता न्हाई बाई. लगीन उरकू द्या. मग मी सोता आणायला येतो, दिवसाढवळ्या. पोटभर बघा."

"खरं?"

"खरं म्हंजी खरं."

गेली बिचारी. सारखी मागं वळून बघत गेली. अंधारात काय दिसणार?

लग्नाला मी होतो. वऱ्हाड त्या भिंतीपुढनं हलंना. व्याही म्हणला, "लय बेस कला हाय. कुणाची?" आश्रुबा म्हणला, "सेलूचा एक पेंटर हाय." पापणी उडली त्याची. मला वाटलं, जागरण झालंय गड्याला.

अन् मग? गरज सरो, वैद्य मरो. सारजाबाई रोज टोचायची, "आवं, त्या बाईला आणा की." हा म्हणायचा, पाहुणे जाऊ द्या. मग म्हणला, पेरणी होऊ द्या. मग, खुरपण उरकू द्या. दोन कोसाची वाट ती, सायकलवर अर्धा घंटा! पण चार लोकांदेखत तिला दारात उभी करायची त्याची छाती झाली न्हाई. श्रावण सरत आला अन् निरोप आला, बायनाबाई गेली. दोन दिवस कुणाला खबर न्हवती. खोपटाच्या आतल्या चारी भिंती काढून काढून भरल्या होत्या म्हणे. आश्रुबा मातीला गेला न्हाई. त्याच्यानं जाववलंच न्हाई.

आता कान द्या. मोठ्यानं बोलायचं न्हाई मला.

तिला जाऊन आठ दिवस झाल्ते. पोळ्याची रात्र. आमुशा. आमची सासू बिमार, म्हणून सारजाबाई अन् माझी बायको, दोघी बहिणी पोखर्णीला गेलेल्या. मी बी तिथंच. आश्रुबा घरात एकटा. बैलांना पोळी चारली, दाराला आडणा लावला, आडवा झाला. सांजच्याला पाऊस पडून गेल्ता. अंगणात काळा चिखल.

अडीचला जाग आली. उशाला गजराचं घड्याळ होतं, काडी ओढून बघितलं त्यानं. अडीच.

गोठ्यात बैलांच्या गळ्यात नव्या घागरमाळा. रात्रभर वाजत होत्या. आता वाजत न्हवत्या.

अन् ओसरीवर... कायतरी घासत होतं.

उंदीर न्हाई. मांजर न्हाई. हात होता. भिंतीवरनं फिरायलेला. हळू. आंधळं माणूस चाचपतं तसा. दाराच्या डाव्या बाजूनं सुरू झाला... दारापशी आला... दाराच्या फळ्यांवरनं फिरला...

उजव्या बाजूला गेला.

आश्रुबा हालला न्हाई. 

मग आवाज आला.

"दादा... उजाडलं का?"

...

त्यानं ओळखला. ओळखणार न्हाई तर काय?

"दादा... उजाडलं का ओ?"

आश्रुबा मला म्हणला, "साडू, मला वाटलं, हो म्हणावं. उजाडलं म्हणावं, म्हंजी जाईल. जिभेवर आल्तं." पण एकदा खोटं बोलून बसला होता. परत जमंना. अन् त्या आवाजात राग न्हवता रे. राग आसता तर परवडलं आसतं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेलं म्हातारं माणूस नंबर आला का इचारतं, तेवढंच होतं त्यात.

तो उठला. दारापशी गेला.  आडणा काढला न्हाई. फळीला तोंड लावून म्हणला,

"न्हाई बाय. आजून न्हाई. ... बस."

मग फळीला कपाळ टेकलं.

"बाय, सेलूचा पेंटर न्हाई कुणी. मी खोटं बोललो. भिंत तुझी हाय. गावाला सांगतो. समद्यांला सांगतो." अन् रडला. पन्नाशीचा गडी, लेकरावाणी.



मग... दार आत दबलं. जरासं. बाहेरनं कुणीतरी पाठ टेकून बसल्यावर दबतं, तेवढं.

आश्रुबा बी बसला. आतनं. पाठ लावून. मधी बोटभर फळी. फळी थंडगार, म्हणला. सदऱ्यातनं आत येत होतं गार.

साडेतीनला इचारलं तिनं. "न्हाई बाय, आजून."

चारच्या पुढं परत. "न्हाई. थोडं ऱ्हायलं."

एकदा तर त्यालाच भ्या वाटलं, ती गेली का काय. सांगा आता! म्हणून त्यानंच हाक मारली. दार हाललं नुस्तं.

कोंबडा झाला. वरच्या झरोक्यातनं अंधार पातळ व्हायला लागला. खाटंचे पाय दिसले. मग घडा दिसला. मग त्याला सोताचे हात दिसले. तेवढं झाल्यावर तो म्हणला,

"बाय... उजाडलं."

दार सुटलं. पाठीवरचा गारठा गेला.

  तो तसाच बसून ऱ्हायला.

मी सातला पोचलो, सासूला उतार पडला म्हणून सांगायला. फाटकातनं हाक मारली. आश्रुबानं दार उघडलं, मला बघितलं अन् वरडला, "थांबा! तिथंच थांबा साडू, पाय टाकू नका!" मी थांबलो. दोघं बी एकाच जागी बघत होतो.

ऊन भिंतीवर आलं होतं. अंगणातला चिखल सपाट, वर पावसाच्या थेंबांची खडी तेवढी उठलेली. माणसाचं सोडा, चिमणीचं पाऊल न्हाई. अन् ओसरीच्या कडंला, काळ्या शहाबादी फरशीवर, दोन पावलं. बाईची. पांढऱ्या मातीची, आजून ओली. येतानाचं पाऊल न्हाई, जातानाचं न्हाई. नुस्ती दोन, जोडीनं, भिंतीकडं तोंड करून.

चवडे गच्च उमटले होते. टाचा उमटल्याच न्हवत्या... वरचा मोर लय उंच होता.