तोक्तोसूनची गाडी

ऑक्टोबर निम्मा सरला की कोचकोर गावातल्या पॉपलरच्या झाडांची पानं बघता बघता झडतात, आणि गावातल्या झाडून सगळ्या जुन्या गाड्या ओस्मोनकुलच्या गॅरेजपुढे येऊन उभ्या राहतात. कुणाची बॅटरी, कुणाचा हीटर. थंडी पडायच्या आत ज्याला त्याला आपली गाडी ठाकठीक करून हवी असते. त्यामुळे नुरदीन बापाची व्हॅन घेऊन आला तेव्हा ओस्मोनकुलनं हातातलं काम न सोडताच विचारलं, "काय दुखतंय हिचं?"

"ऑइलच्या प्रेशरचा काटा पडतो, काका."

"गार असताना की गरम?"

"गरम झाली की. कधी पार तळाला जातो, कधी आपला आपणच वर येतो. मला वाटतं इंजिन गेलं." नुरदीन जरा घुटमळला. "गेलं असेल तर एका परीनं बरंच होईल."

आता ओस्मोनकुलनं मान वर केली.

ती व्हॅन गावात कुणाला ठाऊक नव्हती? पावाच्या लादीसारखी चौकोनी, मातकट हिरवी, रशियन जमान्यातली. नुरदीनच्या बापानं, तोक्तोसूननं, ती उभा जन्म चालवली. तलावाकाठच्या बालिकचीचे प्रवासी, बाजाराच्या मेंढ्या, सासरी निघालेल्या मुली, अडलेल्या बाळंतिणी, सगळं तिच्यातून गेलं. या गाड्यांचं इंजिन पुढे नाकात नसतं. ते आतच, ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्यामध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली असतं. त्या झाकणावर तोक्तोसूनच्या बायकोनं, सायराकाननं, जुन्या रजईचा तुकडा शिवून टाकला होता आणि त्यावर तिची चहाची किटली असायची. अलीकडे तो, पलीकडे ती आणि मध्ये ते ऊबदार धूड. वसंतात तोक्तोसूनच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचल्यावर तो गेला. तेव्हापासून गाडी अंगणात होती.

"आई घरात राहतच नाही, काका," नुरदीन सांगू लागला. "मी बिश्केकहून येऊन बघतो तर चूल गार आणि ही गाडीत बसलेली. चहा तिथंच, भाकरी तिथंच, लोकर कातणं तिथंच. इंजिन चालू करून बाबांशी गप्पा मारत बसते. माझ्याकडे चल म्हटलं की म्हणते, गाडीला कोण बघणार? आता बर्फ पडेल. एखाद्या दिवशी शेजारीण बघायला जाईल आणि आई तिथंच गारठून गेलेली असेल. तुम्ही तिला सांगा इंजिन गेलं म्हणून. तुमचं ऐकेल ती."

"आधी खोलून बघतो. गेलं असेल तर गेलं म्हणेन."

ओस्मोनकुल असाच होता. जे कळत नाही ते खोलून बघायचं, याच्या पलीकडे त्याचं कुठल्या शास्त्रावर प्रेम नव्हतं. तोक्तोसून त्याला धाकट्या भावासारखं वागवायचा, म्हणून या कामाला त्यानं जरा जास्तच जीव लावला. ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल पुरेसं होतं, त्याला पेट्रोलचा वास नव्हता, बोटांत चोळलं तर कचकच नव्हती. मग गाडी बाजारापर्यंत नेऊन आणली. गरम झाल्यावर काटा खरंच पडला, दमलेल्या माणसाचा हात मांडीवर पडावा तसा. मीटर खोटं बोलत असेल म्हणून त्यानं इंजिनातलं प्रेशर तारेनं काट्याला कळवणारा सेंडर काढून त्या जागी नळीचं साधं प्रेशरमीटर बसवलं. त्याला ना वीज लागते ना तार, ऑइलच थेट काटा ढकलतं. तोही पडला. म्हणजे दोष खरा होता.

मग फिल्टर बदललं. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं. पंपाची जाळी स्वच्छ, पंपाचे दाते शाबूत, स्प्रिंगमध्ये ताठपणा होता. शेवटी आडवा पडून त्यानं एकेक बेअरिंग उघडून बघितलं, कारण जुन्या गाडीत गरम झाल्यावर प्रेशर पडलं की दहांतल्या नऊ वेळा झीज तिथंच असते. बेअरिंगं नितळ होती. तोक्तोसूननं गाडी पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती. या इंजिनाला पडायचं काही कारणच नव्हतं.

सगळं जोडून, नवं ऑइल भरून त्यानं गाडी सुरू केली. गरम झाली आणि काटा पुन्हा पडला.

तेवढ्यात सायराकान दारात आली. फडक्यात बांधलेले बोर्सोक, म्हणजे तळलेल्या कणकेचे फुगीर तुकडे, आणि सायीची वाटी घेऊन.

"काय भावोजी, पोट फाडून झालं का माझ्या गाडीचं? काय सापडलं?"

"काही नाही, वहिनी."

"सापडायचं नाहीच. माझ्यासोबत ती कधी कुरकुरत नाही. माझ्या लेकाला ती आवडत नाही आणि तिला ते कळतं, एवढंच." असं म्हणत ती सवयीनं आपल्या जागेवर चढून बसली आणि वाटी रजईवर ठेवली. "अहो, तुमच्या गाडीचे हाल बघा. ग्रीसचे हात लावून ठेवलेत सगळीकडे."

हे 'अहो' ओस्मोनकुलला उद्देशून नव्हतं.

काटा वर आला. सावकाश, अगदी मध्यावर.

ओस्मोनकुल काटा बघत राहिला, मग सायराकानला म्हणाला, "वहिनी, जरा उतरता?"

तिच्या वजनानं सीटखाली काही दबत असेल, असं त्याच्या मनात आलं. त्यानं सीटवर बटाट्यांचं पोतं ठेवलं. काटा पडलेलाच. पोतं काढून स्वतः बसला. तरी पडलेलाच. सायराकान बाहेर उभी राहून हसत होती. "पोतं काय, आणि तुम्ही काय! गाडीला माणसं कळतात, भावोजी."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यानं तिला शेजारी बसवलं आणि गाडी तलावाच्या रस्त्याला घातली. सेंडर परत बसवून त्याच्याच जोडीला दुतोंडी जोडावर लावलेलं नळीचं मीटर त्यानं तारेनं पुढे बांधलं होतं, म्हणजे दोन काटे एकदम दिसावेत. ओर्तो-तोकोयच्या धरणाचं पाणी त्या वेळी उतरलेलं असतं, काठाला पांढरी रेघ उमटते आणि वाऱ्याबरोबर मातीचा गार वास येतो. सायराकान बोलत होती. नवऱ्याशी. शेजारणीची गाय व्यायली, नुरदीनच्या बायकोला दिवस गेलेत, तुमची टोपी बाळाला ठेवायची की गाडायची ते सांगा. तिचं बोलणं असं की मध्ये थांबायचं, कान द्यायचा, हसायचं, पुढे बोलायचं. दोन्ही काटे मध्यावर स्थिर होते.

"वहिनी, थोडा वेळ गप्प बसाल?"

"का हो? डोकं उठवलं मी?"

"तसं नाही. मला काहीतरी बघायचंय."

ती गप्प झाली. टायरांचा आणि इंजिनाचा आवाज तेवढा राहिला. आधी काहीच झालं नाही. मग दोन्ही काटे मिळून उतरू लागले.

ते सरळ पडत नव्हते. उतरायचे, थोडे वर चढायचे, पुन्हा उतरायचे. इंजिनाच्या लयीशी त्याचा काही संबंध नव्हता. ओस्मोनकुलनं गाडी कडेला घेतली, इंजिनाचा वेग कमी-जास्त करून पाहिला. ती लय बदलली नाही. कान देऊन बसलेल्या माणसाचा श्वास असावा तशी होती ती.

"बोला," तो म्हणाला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आहे मी. इथंच आहे."

काटे वर आले.

सायराकानला नवल वाटलेलं दिसत नव्हतं. तिनं रजईची चुणी हातानं सारखी केली. "मला उन्हाळ्यापासून ठाऊक आहे. कुणाला सांगितलं असतं तर वेडी म्हणाले असते. भावोजी, एक सांगा. हे प्रेशर म्हणजे काय असतं? सोपं करून सांगा."

सोपं काहीतरी बोलायला मिळालं म्हणून ओस्मोनकुलला हायसं वाटलं. "ऑइल आपोआप वर चढत नाही, वहिनी. खालून कुणाला तरी ते ढकलावं लागतं. गाडी चालते तोवर ढकलत राहावं लागतं."

"आणि तो ढकलणारा दमला की?"

"की काटा पडतो."

"मग त्याला विसावा कधी?"

"गाडी बंद केली की."

काटे उतरू लागले आणि या वेळी तिनं त्यांना उतरू दिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, पण तोंडातून शब्द नव्हता. आपल्या मेलेल्या माणसासाठी फार रडू नये, त्याच्या वाटेवर चिखल होतो, असं तिकडे बायाबापड्या एकमेकींना सांगतात. ओस्मोनकुलनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"मी त्यांना दमवतेय, भावोजी," ती म्हणाली. "जन्मभर राबले आणि अजून माझ्या बडबडीपायी राबतायत. नुरदीनला सांगा, गाडीला गिऱ्हाईक बघ म्हणावं."

गिऱ्हाईक बालिकचीचं निघालं, तलावावरच्या मासळीची ने-आण करणारा एक लठ्ठ, हसरा माणूस. सायराकान, नुरदीन आणि ओस्मोनकुल तिघं मिळून गाडी पोचवायला गेले. वाटेत सायराकान एक शब्द बोलली नाही. काटा तळाशी होता आणि ओस्मोनकुल गाडी इतकी जपून चालवत होता की मागून येणारे भोंगे वाजवून पुढे जात होते.

त्या माणसाच्या अंगणात पोचल्यावर ओस्मोनकुलनं इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून हातात घेतली. नुरदीन आणि गिऱ्हाईक मागचं दार उघडून बघत होते.

"मला क्षणभर बसू द्या," सायराकान म्हणाली.

तो उतरून दाराशी उभा राहिला. ऊन तिरपं होतं. काचेवर धूळ होती. आणि त्याला दिसलं, काटा मध्यावर उभा होता.

नळीचं मीटर त्यानं कधीच काढलं होतं. हा मूळचा काटा होता, विजेवर चालणारा. किल्ली ओस्मोनकुलच्या मुठीत होती.

सायराकाननं इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवला. वाकली. आणि एकच शब्द बोलली.

"तोक्तोसून."

तिकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्याच्या चुलत्या-मामांचंही घेत नाहीत. सगळ्या संसारात हे नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, कदाचित त्यानंही नाही. आधीची मुलं जगली नाहीत की पाठीवरच्या मुलाला हे नाव ठेवतात. त्याचा अर्थ, हा थांबो.

काटा टोकापर्यंत गेला.

तिथं थरथरला.

मग खाली आला, सावकाश, आणि शून्यावर टेकला.

सायराकान डोक्यावरचा रुमाल सारखा करून उतरली. गिऱ्हाइकानं गाडी सुरू केली, गरम होईपर्यंत फिरवून आणली आणि खिडकीतून ओरडला, "काटा खिळ्यासारखा उभा आहे की हो! उगाच घाबरवलंत." ओस्मोनकुलनं स्वतः चालवून पाहिली. खरं होतं. काटा हलत नव्हता. आता ती नुसती एक चांगली ठेवलेली जुनी गाडी होती. त्याला आनंद व्हायला हवा होता. गॅरेजमधून कुणी जिवाभावाचं माणूस उठून गेल्यासारखं वाटलं.

सायराकान आता लेकाकडे राहायला जाणार होती आणि घरचं सामान आवरायचं होतं म्हणून तिघं कोचकोरला परत निघाले. भाड्यानं मिळालेली टॅक्सी कोरियाहून आलेली, कोरी करकरीत. अजून सीटवरचं प्लॅस्टिक निघालं नव्हतं. ड्रायव्हर तरणा होता आणि गाडीच्या कौतुकात बुडालेला. नुरदीन त्याच्या शेजारी बसला. मागे एका खिडकीशी सायराकान, दुसऱ्या खिडकीशी ओस्मोनकुल.

गाव मागे पडलं नाही तोच गाडीत टिंग टिंग वाजू लागलं.

"पट्टे लावा हो मागे," ड्रायव्हर म्हणाला.

"लावलेत," ओस्मोनकुलनं सांगितलं.

"मधल्यांनी लावला नाही. हे बघा, इथं दिवा लागलाय. मधल्या सीटवर सामान ठेवलंय का काही?"

ओस्मोनकुलनं खाली पाहिलं. सीट रिकामी होती. त्यानं प्लॅस्टिकवर हात ठेवून पाहिला. काही नव्हतं. हात मात्र त्यानं चटकन काढून घेतला.

"नवीन गाड्यांचं असंच," तो म्हणाला. "सेन्सर बिघडला असेल."

"बिघडेल कसा? कालच तर घेतली!"

टिंग टिंग वाजत राहिलं. नुरदीन वैतागून मागे वळला आणि आईचा चेहरा बघून पुन्हा पुढे वळला. सायराकान हसत नव्हती, रडत नव्हती. एखादा हट्टी माणूस दारात परत येऊन उभा राहावा आणि त्याच्यावर रागावताही येऊ नये, तसं तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. तिनं आपल्या कोटाचा घोळ आवरून घेतला. खिडकीकडे सरकून थोडी जागा केली. मग मधला पट्टा ओढला, जपून आडवा घेतला आणि खटक्यात बसवला.

आवाज बंद झाला.

"झालं!" ड्रायव्हर खूश होऊन म्हणाला आणि त्यानं वेग वाढवला.

ओस्मोनकुल तलावाकडे बघत राहिला. बघायचं नाही असं ठरवूनही त्यानं एकदा मान वळवलीच. पट्टा घट्ट ताणलेला होता, आणि सीटला टेकला नव्हता.