बिनदाराचं मॉडेल

तीन वर्षं मयुरा परातेनं दुसऱ्यांचे सेट रंगवले आणि पोस्टरवर नाव कायम दुसऱ्याचंच लागलं. सक्करदऱ्याच्या विणकर घरातली पोरगी. राबायला तिची ना नव्हती, पण आता बस्स झालं होतं. 'नेपथ्य: मयुरा पराते' एवढे तीन शब्द तिला हवे होते. त्यासाठीच ती धरमपेठेत नाट्यनिर्माते रुपराव यांच्या ऑफिसात सकाळपासून ठाण मांडून बसली होती.

शेवटी रुपरावांनी तिच्यापुढे सेटचं पुठ्ठ्याचं मॉडेल ठेवलं. तीन भिंती, एक पलंग आणि मापासाठी ठेवतात तो बोटाएवढा पुठ्ठ्याचा माणूस.

"धम्मानंदनं अर्धं सोडलं. तू पुरं कर. जमलं तर नाटक तुयं."

धम्मानंदच्या हाताखालीच ती शिकली होती. "तो कुठं गेला?"

"मुंबईले."

"अन् याले दार काहून नाही?"

"दार नाही पायजे. तुले काम पायजे का नाही वं?"

घरी तिनं मॉडेल टेबलावर मांडलं. माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता. तिनं सवयीनं त्याला प्रेक्षकांकडे वळवलं. चहा घेऊन आली तर पुन्हा भिंतीकडे! पंख्याचा वारा असेल म्हणून तिनं पंखा बंद केला, माणूस वळवला आणि जेवायला गेली.

परतली तेव्हा तो पुन्हा वळलेला होता आणि त्याच्यासमोरच्या भिंतीवर बारीक ओरखडे होते. तिनं वाकून पाहिलं. माणसाच्या उजव्या कानामागे पेन्सिल होती. धम्मानंद ठेवायचा तशी.

तिला असा राग आला की भीती कुठल्या कुठे गेली. तीन वर्षं रंगाच्या डब्यांशेजारी उभं ठेवलं होतं तिलाही, भिंतीकडे तोंड करून! तिनं कटर घेतला आणि ओरखड्यांच्या जागी दार कापलं. घाईत कुर्त्याची बाहीही फाटली. लुगड्याच्या काठाची चिंधी लावून तिनं दाराला बिजागरी केली.

हात धुऊन आली तेव्हा दार किलकिलं होतं. माणूस नव्हता. टेबलावर एक खरी, पूर्ण लांबीची, दातांनी चावलेली पेन्सिल पडली होती.

मॉडेल घेऊन तशीच ती रुपरावांकडे गेली. दार पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय करून ठेवलं वं?"

"माह्या सेटले दार राहीन, रुपरावजी. चालत नसन तर दुसरी पाहा."

"आतला माणूस?"

"गेला."

रुपरावांनी वाकून मॉडेलच्या आत पाहिलं. मग म्हणाले, "काम तुयं."

"अन् नाव?"

"नाव त कवाचंच लिहून ठेवलं." त्यांनी कपाट उघडलं.

आत आठ मॉडेलं होती. एकालाही दार नव्हतं. सातांत भिंतीकडे तोंड केलेली सात माणसं होती.

आठव्याच्या पट्टीवर लिहिलं होतं: नेपथ्य: मयुरा पराते. आत बोटाएवढी बाई होती. तिच्या कुर्त्याची बाही फाटलेली होती.

मयुरानं ओढणी कमरेला खोचली. "सरका बाजूले," ती म्हणाली आणि पर्समधून कटर काढला.

पातं टिकटिक करत बाहेर आलं.

सातही माणसं आता तिच्याकडे पाहत होती.