पायऱ्यांवरची परी

"आत्या, माझ्यावर चोरीचा आळ आलाय. तू येतेस?"

ठकीचा फोन एवढाच. पुढे नुसता हुंदका. आत्यांनी गॅस बंद केला, चष्मा पर्समध्ये टाकला आणि त्या निघाल्या.

आत्या म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. आता निवृत्त. जन्म गेला पोरांना बघायला शिकवण्यात. चित्र काढणं नंतर, आधी बघणं, असा त्यांचा खाक्या. वर्गात त्या जुनी मासिकं वाटायच्या आणि म्हणायच्या, "जाहिरातीतल्या अक्षरांवर तळहात ठेवा. आता सांगा, खाली काय उरलं?" मग पोरं एकेक गंमत शोधून काढायची. कुणाला तेलाच्या जाहिरातीत तेलच सापडायचं नाही, कुणाला हसणाऱ्या बाबांच्या कपात चहा दिसायचा नाही. त्यांची भाची ठकी त्याच वर्गात वाढली आणि पुढे एका जाहिरात कंपनीत रीटचिंगच्या कामाला लागली. गायक-गायिकांच्या फोटोंवरचे डाग पुसायचे, मान बारीक करायची, गालावर उजेड आणायचा. काम बारीक आणि विश्वासाचं.

त्या विश्वासालाच आज तडा गेला होता.

कंपनीच्या काचेच्या खोलीत लांब टेबलाभोवती सगळे बसले होते. टेबलावर मधोमध एक साप्ताहिक उघडं पडलं होतं. पानभर फोटो होता. अंधाऱ्या जिन्याच्या पायऱ्यांवर एक मुलगी बसलेली. अंगात ढगळ स्वेटर, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, कपाळावर पुटकुळ्या. खाली ओळ होती, 'परीचा खरा चेहरा: चोरून बाहेर आलेला फोटो.'

आणि खोलीच्या भिंतीभर तीच मुलगी होती. पांढरा झगा, हातात फुगे, दात मोत्यांसारखे. तीन वर्षांच्या मासिकांतल्या जाहिराती चौकटीत लावलेल्या. सगळ्यांवर एकच ओळ, 'परी हसली की सकाळ होते.' गाणारी ही मुलगी देशभर परी म्हणूनच ओळखली जात होती. खरं नाव विचारलं तर तिच्या चाहत्यांनासुद्धा आठवावं लागलं असतं.

"बाई, तुम्ही कृपा करून मध्ये पडू नका," कंपनीचे साहेब म्हणाले.

"मध्ये नाही पडत. कोपऱ्यात बसते."

"संध्याकाळपर्यंत हिने कबूल करावं. नाहीतर मी पोलीस बोलावतो. मग या धंद्यात हिला कुणी दारात उभं करणार नाही, एवढं सांगून ठेवतो."

ठकी खाली मान घालून बसली होती. नाक लाल झालं होतं.

परीची मोठी बहीण टेबलापलीकडून उठली आणि ठकीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. परीचे सगळे व्यवहार तीच बघायची. सगळे तिला ताईच म्हणायचे. "साहेब, पोलीस कशाला? पोरगी आहे, चुकली. माझ्या परीएवढीच असेल. तिने फक्त लिहून द्यावं की फोटो मी चोरून बाहेर दिला. साप्ताहिकाच्या पुढच्या अंकात ते छापू आणि विषय मिटवू. मला कुणाचं वाटोळं करायचं नाही."

परी स्वतः खिडकीपाशी बसली होती. तिने वळून पाहिलंसुद्धा नाही.

"चोरी ठकीनेच केली, हे कशावरून?" आत्यांनी विचारलं.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "फोटो आमच्याच स्टुडिओत काढलाय, फुग्यांच्या जाहिरातीच्या दिवशी. कॅमेऱ्यातले सगळे फोटो थेट हिच्या कॉम्प्युटरवर जातात. न पुसलेले फोटो हिच्याशिवाय कुणाकडे नसतात."

"हा माझ्याकडे आलाच नाही, आत्या," ठकी म्हणाली. "आईशपथ. आला असता तर मला आठवला असता."

"चोर असंच म्हणणार," कोपऱ्यातून फोटोग्राफर पुटपुटला. बोटांची नखं कुरतडत बसला होता.

आत्या त्याच्याकडे वळल्या. "तुम्हीच काढलात ना हा?"

"हो. मधल्या सुट्टीत. परी जिन्यात जाऊन बसली होती, मी सहज टिपला."

"दिवे लावून?"

"छे हो! जिन्यात कसले दिवे? एक बल्ब आहे वरती. अचानक काढलेला फोटो आहे तो, बाई."

"आणि मग?"

"मग काय? बाकीच्यांबरोबर ठकीकडे गेला."

आत्यांनी चष्मा लावला आणि साप्ताहिक नाकाजवळ धरलं. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. फोटोच्या वरच्या उजव्या भागावर त्यांनी तळहात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"बाई, तिथे काय आहे?" साहेब वैतागले.

"काहीच नाही. तेच बघतेय. जिना कुठाय?"

"जिन्यात काय बघायचंय आता!" ताई चटकन म्हणाली.

"म्हाताऱ्या माणसाला पाय मोकळे करावेसे वाटतात. चल ठकी."

स्टुडिओ वरच्याच मजल्यावर होता आणि त्याच्यामागे तो जिना. ठकीने बल्ब लावला. पिवळट, मरतुकडा उजेड पडला.

"परी कुठे बसली होती?"

ठकीने साप्ताहिक समोर धरून पायरी शोधली. "इथे. कोपरा तुटलेली हीच पायरी, फोटोत दिसतेय."

"मग तिच्यामागची भिंत ही."

दोघींनी वर पाहिलं. भिंतीवरून पाण्याचा जाडजूड पाइप आडवा गेला होता. त्याच्याखाली वाळूची लाल बादली खिळ्याला अडकवलेली. पाइपावर रंगाचे थरावर थर चढले होते. काल-परवा बसवलेला तो नक्कीच नव्हता.

ठकीने फोटोकडे पाहिलं. फोटोतली भिंत कोरी होती. गुळगुळीत, राखाडी, रिकामी.

"आत्या, हा तर पुसलाय कुणीतरी! आणि चांगला पुसलाय."

"हं. तुझ्या हाताखालून जाहिरात जाते तेव्हा तू आधी काय पुसतेस?"

"चेहरा. पुटकुळ्या, डोळ्यांखालचं काळं..."

"इथे पुटकुळ्या ठेवल्या आणि पाइप पुसला. असं कोण करेल?"

ठकीने पुन्हा भिंतीवरच्या पाइपाकडे पाहिलं.

"आता डोळे बघ. बुबुळात."

ठकीने फोटो डोळ्यांशी नेला. दोन्ही बुबुळांत एकेक पांढरा चौकोन चमकत होता, खिडकीसारखा. पण जिन्याला खिडकी नव्हती. असा चौकोन फक्त स्टुडिओतला, कापडाच्या पेटीतला मोठा दिवा पाडतो, हे तिला आत्यांनी सांगायची गरज नव्हती.

"फोटोग्राफर खोटं बोलतोय. मग त्यानेच विकला?"

"घाई नको. उजवा हात बघ तिचा."

परीचा हात गुडघ्यावर होता. बोटं अर्धवट वाकलेली, जणू काही धरलंय. हातात मात्र काहीच नव्हतं.

"चल खाली," आत्या म्हणाल्या. "आणि मी काय वाटेल ते बोलले तरी तोंडातून शब्द काढू नकोस."

काचेच्या खोलीत शिरताच आत्या म्हणाल्या, "ठकी लिहून देईल."

ठकीचा चेहरा पांढराफटक पडला, पण तिने ओठ घट्ट मिटले. ताईने सुस्कारा टाकला. कागद आणि पेन तिच्यापाशी तयारच होतं. तिने ते पुढे सरकवलं.

"शहाणी आहेस गं," ती म्हणाली.

"फक्त एक ओळ जास्त लिहू," आत्या म्हणाल्या. "या फोटोतली भिंत पुसलेली आहे."

ताईचा हात थबकला. "ते कशाला? लोकांना काय करायचंय भिंतीशी? नुसतं चोरीचं लिहा."

"बरं, तर मग काहीच नको लिहायला. साहेब, बोलवा पोलीस. कॅमेरा, कॉम्प्युटर, सगळं तपासू द्या."

साहेबांनी फोन उचलला.

"नको!" ताई ओरडलीच. मग तिने आवाज खाली आणला. "म्हणजे... उगाच बदनामी."

"कुणाची?" आत्यांनी विचारलं. "चोरी तुमच्या घरची झाली. ज्याच्या घरी चोरी होते, तो चौकशी मागतो. तुम्हाला चौकशी नको, फक्त चोर हवाय. असं का बरं?"

साहेबांचा फोन हातातच राहिला.

आत्यांनी साप्ताहिक सगळ्यांसमोर धरलं. वर्गात धरायच्या तसंच, छातीशी, पान बाहेर करून.

"मी पोरांना सांगायची, अक्षरांवर हात ठेवा आणि चित्र बघा. या फोटोवर एकही अक्षर नाही, तरी माझ्या हाताला जागा मिळाली. बघा ना, मुलगी खाली डावीकडे कोपऱ्यात बसवलीय आणि अख्खी भिंत मोकळी सोडलीय. चोरून फोटो काढणारा चेहऱ्यावर झडप घालतो. रिकामी भिंत कशाला टिपेल? आणि टिपली तर तिच्यावरचा पाइप कशाला पुसेल? भिंत कोरी कोण करतं साहेब, तुम्हीच सांगा. तुमचा धंदा आहे."

साहेब हळूच म्हणाले, "ज्याला वर ओळ छापायचीय तो."

"बरोबर. हा चोरलेला फोटो नाही, अक्षरं यायची बाकी असलेली जाहिरात आहे. डोळ्यांत स्टुडिओचा दिवा आहे. बोटं वाकलीत, कारण हातात विकायची वस्तू नंतर बसवायचीय. दिवे जिन्यापर्यंत ओढून नेले, भिंत पुसली, आणि हे सगळं या फोटोग्राफरने केलं. पण स्वतःच्या डोक्याने नव्हे."

"ताई मला म्हणाल्या होत्या की पुढची सगळी कामं मलाच मिळतील," फोटोग्राफर मान खाली घालून म्हणाला. "ठकीचं नाव येईल, हे मला आधी नव्हतं सांगितलं."

"नंतर कळलं तेव्हा तुमची दातखीळ बसली होती का?" आत्यांनी विचारलं.

साहेब ताईकडे बघत होते. "ताई? माझ्याच कंपनीत, माझ्या पाठीमागे?"

ताई ताठ बसली. आवाजातलं लोणी आटलं होतं. "तुमचे फुगे आता कोण विकत घेतंय, साहेब? तिचं ऐकणारी पोरं मोठी झाली. त्यांना आता परी नकोय, त्यांना त्यांच्यासारखी रडकी मुलगी हवीय. ही नवी जाहिरात ज्यांची, त्या हेडफोनच्या कंपनीने ते ओळखलं, तुम्ही नाही ओळखलं."

"मग सरळ जाहिरात का नाही केली?" ठकीच्या तोंडून निघून गेलं.

"कारण जाहिरातीतलं रडणं कुणी खरं मानत नाही, बाळ," आत्या म्हणाल्या. "चोरून आणलेलं मात्र सगळे खरं मानतात. म्हणून आधी चोरी हवी होती आणि चोरीला चोर. तू कबुली लिहिलीस की फोटो खरा ठरला. मग महिन्याभराने तोच फोटो, त्याच भिंतीवर..."

"'आता खरी ऐका,'" खिडकीजवळून आवाज आला.

परी उठून उभी राहिली होती. "ही ओळ येणार होती तिथे. मला ओळ माहीत होती. ठकीचं माहीत नव्हतं. ताई म्हणाली, चुकून फुटला फोटो, तू गप्प राहा." ती ठकीसमोर आली. "तू तीन वर्षं माझा चेहरा पुसतेयस. माझी पुटकुळी कधी कुणाला दाखवली नाहीस. मला आधीच बोलायला हवं होतं."

"परी, बस खाली," ताई म्हणाली.

"नाही बसत."

साहेबांनी कबुलीचा कोरा कागद चुरगाळला. मग ते ठकीकडे वळले. "मी... न बघताच बोललो. तुझी खुर्ची तुझीच आहे. आणि साप्ताहिकाला खरं काय ते मी माझ्या सहीने कळवतो."

ठकीने मान हलवली. ताईने पर्स उचलली आणि ती कुणाकडे न बघता निघाली. दारात क्षणभर थांबली, परी मागे येते का पाहायला. परी हलली नाही. साहेब आणि फोटोग्राफरही ताईमागोमाग बाहेर गेले.

आत्यांनी साप्ताहिक मिटलं, आणि पुन्हा उघडलं. एक गोष्ट अजून त्यांना टोचत होती. दिवे खोटे होते, भिंत खोटी होती. पण सुजलेले डोळे दिव्याने आणता येत नाहीत.

"बाळ," त्यांनी परीला विचारलं, "हे रडणं खरं होतं ना?"

परीने मान डोलावली. "मी जिन्यात एकटीच रडत बसले होते. ताईने पाहिलं. तिला वाटलं, छान दिसतंय. मग दिवे आले. म्हणाली, रडू थांबवू नकोस, फक्त हात जरा वाकव."

"पण रडत का होतीस?"

परीने आत्यांकडे पाहिलं. देशभर लोकांनी तो फोटो चघळला होता, पण हा प्रश्न तिला आज पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

"सकाळपासून मला सगळे 'हस' म्हणत होते," ती म्हणाली. "मला आठवेना, शेवटचं कुणी 'गा' कधी म्हणालं होतं."

आत्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि तिला बसवलं. ठकी उठली, खोलीचं दार लावून आली.

"मग गा," आत्या म्हणाल्या. "आम्ही दोघी आहोत. आणि ते फुग्यांच्या जाहिरातीतलं नको हं, तुला आवडतं ते."