ओळख नाही

भर दुपारी मिरजगावच्या रस्त्यावर यामिनीच्या स्कूटीचं स्टँड मोडलं, तेही नेमकं अजिनाथच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर. भिंगारहून नुकतीच बदलून आलेली बँकेची ही ऑफिसर, गळ्यात बँकेचं ओळखपत्र, ओढणी सावरत उभी राहिली. अजिनाथनं आडवी गाडी उचलली, काळा चष्मा कपाळावर सारला आणि तो हसला.

"बँकेवाल्यांना बी आधार लागतो व्हय?"

"वेल्डिंग करा, टोमणे नकोत."

"टोमणे फुकट हायेत. वेल्डिंगचं मातर चहा पिऊन फेडावं लागंल..."

चहा झाला, आणि मग होतच राहिला. अजिनाथ गुरांचा चारा कापायची, कडबाकुट्टीची यंत्रं बनवायचा. आईबाप ऊसतोडीला जायचे, पोरगा लोखंडात रमला होता. मागणी होती, पण पत्रा कापायचं मोठं मशीन घ्यायला भांडवल कुठलं? तारण नाही म्हणून प्रत्येक बँकेनं त्याला वाटेला लावलेलं.

"बिनतारणी योजना आहे. तुमचं काम चोख आहे, मिळेल," यामिनी म्हणाली.

"कामावर मिळालं तर घेईन, मॅडम. वशिल्याचं मला पचायचं न्हाई."

"मॅडम काय? यामिनी म्हण."

"यामिनी..." तो इतक्या हळू म्हणाला, की तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

कर्जाचं प्रकरण मॅनेजरसाहेबांपुढे गेलं. समोर अजिनाथ, इस्त्रीच्या शर्टात. साहेबांनी सहज विचारलं, "तुमच्या ओळखीतला आहे का हा? तसं असेल तर प्रकरण दुसऱ्या ऑफिसरकडे देऊ."

दुसऱ्याकडे म्हणजे पुन्हा तारणाचा घोळ. यामिनी घाईनं म्हणाली, "छे, ओळख नाही."

अजिनाथनं मान खाली घातली. खोटं का बोलले ते संध्याकाळी सांगू, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण संध्याकाळी तो लांबूनच हात जोडून म्हणाला, "आभारी हाय, मॅडम." पुन्हा 'मॅडम' ऐकून ती तशीच घरी गेली. आज सांगू, उद्या सांगू करत वेडीनं महिने घालवले.

खंडेनवमीला नव्या मशीनची पूजा होती. नारळ फोडायला त्यानं तिलाच बोलावलं. फुलांच्या माळा, हळदीकुंकू, कामाला ठेवलेले चार गडी, आणि आनंदानं रडणारी त्याची आई पुष्पावती. अजिनाथ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या मॅडमनी काम बघून लोन दिलं. ना वशिला, ना वळख!"

माणसं पांगल्यावर ती धीर करून म्हणाली, "अजिनाथ, त्या दिवशी साहेबांपुढे मी..."

तो गपकन वळला. डोळ्यांत आशा होती, आणि तितकीच भीतीही.

"ते खरं हुतं ना? आपली वळख न्हाई म्हनलात, ते? न्हाईतर हे समदं... वशिल्याचंच झालं की."

यामिनीनं मशीनकडे पाहिलं. त्याच्या आईकडे पाहिलं. फार उशीर केला होता तिनं, फार.

"खरं होतं," ती म्हणाली.

"बरं झालं..." तो म्हणाला. मग गाडीपर्यंत सोडायला आला. "स्टँड कसं हाय, मॅडम?"

"पक्कं आहे," ती म्हणाली, आणि त्याला डोळे दिसू नयेत म्हणून उगाच वाकून स्टँड बघत बसली.